थोरलीचा हात

नातीची हळद डोळे भरून बघता यावी म्हणून कमळाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन केलं, आणि नेमक्या त्याच हळदीच्या दिवशी कमळाबाई खोलीतून बाहेर यायला तयार नव्हत्या. ऑपरेशनची हौस कुणाची? भावेशची. थोरला मुलगा, नवरीचा बाप. मोतीबिंदू पाच वर्षं पिकत होता तेव्हा घरात कुणाला घाई नव्हती. मृणालीचं लग्न ठरलं तशी घाई सुटली. "आई, पोरीची हळद काय धुक्यातून बगशील?" असं म्हणून त्याने गाडी काढली आणि त्यांना कल्याणला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. उजवा डोळा आधी, डावा दोन महिन्यांनी, असं ठरलं. उजवा झाला, आणि फार चांगला झाला. तिथेच सगळं बिनसलं.

आता चार वाजत आले होते. अंगणात मांडव भरला होता, मागच्या परड्यात चुलींवर मटणाची पातेली चढली होती, बेंजोवाले वाद्यं लावून बघत होते. पूर्णेहून नवऱ्याकडची माणसं उष्टी हळद घेऊन पाचला पोचायची होती. आणि कमळाबाई आतल्या खोलीत पलंगावर, डोळ्यांवर डॉक्टरने दिलेला काळा चष्मा लावून, दार लोटून बसल्या होत्या.

"बाहेर धूर हाय. डॉक्टरनं महिनाभर धूर नको बोललाय." येईल त्याला हेच उत्तर. ऑपरेशनला वीस दिवस झाले होते. उत्तर खोटं नव्हतं, पण ते खरं कारणही नव्हतं.

खरं कारण कपाटाच्या आरशात होतं.

पट्टी सोडली त्या दिवशी कमळाबाई लहान पोरीसारख्या खूश होत्या. परतीच्या वाटेवर पूर्णेच्या गोदामांवरच्या पाट्या त्यांनी मोठ्याने वाचून दाखवल्या होत्या. चौथीपर्यंतचीच शाळा, पण अक्षर न् अक्षर लागत होतं. घरी आल्या, चपला काढल्या आणि थेट कपाटासमोर गेल्या. आरसा मळलेला वाटला म्हणून पदराने पुसला. डाग गेले नाहीत. पुन्हा पुसला. मग लक्षात आलं की डाग आरशावर नाहीत, गालावर आहेत. तपकिरी, बोटाएवढाले दोन, आणि कानशिलावर तिसरा. ओठांवर बारीक उभ्या चिरा. गळ्याखालची कातडी सैल पडून लोंबत होती. भांगात तर केसांपेक्षा डोकंच जास्त दिसत होतं.

एकसष्टावं वर्ष लागलं होतं, हे कमळाबाईंना ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि दिसणं वेगळं. दोन्ही डोळ्यांवर साय धरली होती त्या पाच वर्षांत आरशात त्यांना दिसत आला होता तो एक गोरा, पिवळसर, मऊ चेहरा. सुरकुती नाही, डाग नाही. त्यांना वाटायचं, देवाने आपल्याला सूट दिली आहे. बरोबरीच्या बाया उतरल्या, आपण राहिलो.

डाव्या डोळ्यात ती साय अजून होती. वीस दिवसांत कमळाबाईंना एक खोडच लागली होती. आरशासमोर उभं राहायचं आणि उजवा डोळा हाताने झाकायचा. की झाली परत ती जुनी कमळा. मग डावा झाकायचा. मग पुन्हा उजवा. घरातली सगळी लग्नाच्या गडबडीत, त्यामुळे हे कुणी बघितलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, म्हातारपण कुणाला चुकलंय? पण इथल्या लोकांच्या नावावर जमिनी असतात, तसं कमळाबाईंच्या नावावर रूप होतं. सोळाव्या वर्षी त्या अंजूरला सून म्हणून आल्या तेव्हा मिठागरावरच्या बाया पाणी प्यायच्या निमित्ताने दारात यायच्या आणि पाणी न पिताच जायच्या. नवरा पंढरी त्यांना बरोबर घेतल्याशिवाय कुठल्या लग्नाला गेला नाही. पोरं झाली, शेतं गेली, शेतांवर गोदामं आली, पण कमळाबाई मांडवात शिरल्या की बायका सरकून जागा करायच्या, ते चाळीस वर्षं चाललं. आता ती आठवणच अंगावर येत होती. कारण गेल्या पाच वर्षांत बायकांनी जागा केली ती का केली? गावातल्या दाजीच्या पोराच्या लग्नात त्या गुलाबी साडी नेसून, ओठ रंगवून, हा मोठा गजरा माळून गेल्या होत्या. तिथे बरोबरीच्या जानकीबाईला सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "किती गं उतरलीस तू." जानकीबाई नुसती हसली होती. ते हसणं आता कमळाबाईंना कळलं होतं, आणि कळल्यापासून जीव नुसता शरमेने मेल्यासारखा झाला होता.

नेत्रा चहा घेऊन आली. भावेशची बायको, नवरीची आई, सकाळपासून पायाला भिंगरी. तिने कप स्टुलावर ठेवला आणि पदराला हात पुसत उभीच राहिली.

"आई, पूर्णेवाले निघाले. त्यांचा फोन होता."

"येऊ देत."

"तुम्ही येणार ना?"

"धूर हाय."

नेत्रा खाली बघत म्हणाली, "मग गुणाकाकींना तयार राहायला सांगते."

कमळाबाईंनी मान वर केली. या घराची एक रीत होती. नवरीला किंवा नवऱ्याला पहिली हळद घरातल्या थोरल्या सवाष्णीच्या हातची. तिचा हात लागल्याशिवाय दुसऱ्या कुणी हळदीत बोट बुडवायचं नाही. आणि थोरली जर बसून राहिली, तर हात धाकट्या जावेकडे जातो. एकदा गेला की गेला. पुढच्या लग्नांतही तो परत येत नाही. कमळाबाईंच्या सासूने मरेपर्यंत तो हात सोडला नव्हता. अंगात ताप असताना दोघींनी धरून तिला मांडवात आणली होती.

"तू काय बोलतेस ते कळतंय काय तुला?"

"कळतंय. पण हळद थांबवून ठेवता येत नाही, आई. मुलाकडची माणसं बसून राहिली तर बोलतील. माझ्या पोरीला ते नको."

यावर कमळाबाई काही बोलणार, तेवढ्यात दार ढकलून विनिता आत आली. टेमघरला दिलेली लेक. नवऱ्याचे कापडाचे लूम, स्वतःचा चारचौघींत उठून दिसणारा थाट. आईचं नाक आणि आईची मान घेऊन जन्मलेली.

"हात बदलायचा नाय," ती नेत्राला म्हणाली. "आई जिवंत असताना काकीचा हात? लोक काय समजतील?"

"मग आणा ना बाहेर आईंना. मी काय नको म्हणते?"

"तुला बरंच आहे ते. तू आणि काकी पहिल्यापासून एक."

"एक नसू तर काय करू?" नेत्राचा आवाज वाढला नाही, पण बसला. "या घरात आल्यापासून ऐकते आहे. कामाला बरी हाय, दिसायचं काय नाव न्हाय. कोण बोललं होतं ते तुम्हालाही माहीत आहे, ताई. काकीच तेवढ्या कधी बोलल्या नाहीत." आणि ती निघून गेली. चहा तसाच राहिला.

कमळाबाई कपाकडे बघत राहिल्या. नेत्राचं काही चुकलं नव्हतं, हे त्यांना कळत होतं आणि ते कबूल करायची या घडीला ताकद नव्हती.

विनिता पलंगावर शेजारी बसली. "आई, पार्लरवाली बाहेरच आहे. मृणालीचं झालं की आत पाठवते. दहा मिनिटांत करून देईल."

"काय करून देईल?"

"असं थोडं... पावडर, डोळे, केस. तू आधी करायचीस ना गं सगळं."

"चष्मा काढू काय?" असं म्हणून कमळाबाईंनी चष्मा काढला आणि लेकीचा चेहरा खिडकीच्या उजेडात धरला. उजव्या डोळ्याने त्यांनी अजून तिला नीट पाहिलं नव्हतं. या दिवसांत त्या कुणाकडेच नीट बघत नव्हत्या. विनिताच्या डोळ्यांच्या कडांना बारीक रेघा होत्या. नाकापासून ओठांपर्यंत दोन घड्या. मेंदीच्या लाल केसांखाली मुळापाशी पांढरं उगवलं होतं. कमळाबाईंच्या मनात विनिता पंचवीसचीच राहिली होती.

"काय बघतेस?" विनिताने तोंड फिरवलं.

"एक्केचाळीस झालीस गं तू."

"बेचाळीस." विनिता बोलायला लागली ती थांबेचना. "मला पण दिसतं सगळं, आई. मला काय मोतीबिंदू नाय. रोज सकाळी दिसतं. आधी रिक्षातून उतरले तरी चार माणसं बघायची. वैताग यायचा. आता कुणी बघत नाय, तर त्याचापण वैताग येतो. नणंदेच्या पोरीच्या साखरपुड्यात फोटोवाला बोलला, मावशी जरा बाजूला व्हा. मावशी! मी घरी येऊन बाथरूममध्ये रडले, कुणाला सांगायचं? हसतील. म्हणून मी तुझ्याकडे बघायचे. म्हणायचे, आईचं बघ, साठीतपण कशी आहे, आपलंपण तसंच होणार. आणि तू अशी दार लावून बसलीस. मग मी कुणाकडे बघू?"

कमळाबाईंनी तिचा हात हातात घेतला. मघापासून त्यांना वाटत होतं की लेक आपल्या हक्कासाठी भांडते आहे. ती स्वतःसाठी भांडत होती.

"पार्लरवालीला पाठवू नको," एवढंच त्या म्हणाल्या.

विनिता डोळे पुसून उठली आणि जाता जाता बापाला आत ढकलून गेली. पंढरी दारातच उभे राहिले. पांढरा सदरा, डोक्याला रुमाल, तोंडात पान. बायकोची समजूत काढायची कामं त्यांना कधी जमली नव्हती.

"अगं, चल की. माणसं विचारतायत."

"काय विचारतायत?"

"कमळाबाय कुठं हायत, विचारतायत. दुसरं काय विचारतील?" त्यांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात केलं आणि त्यांच्या मते फार धीराचं बोलले. "आनि तू कशाला यवढा इचार करतेस? आता कोन बगतंय तुला? लोक पोरीला बगायला आलेत."

बोलून ते बाहेर गेले. म्हातारा मनाने वाईट नव्हता. आयुष्यभर बायकोला मिरवली आणि आता तिला मिरवायच्या ओझ्यातून मोकळी करतो आहे, असंच त्याला वाटलं असणार. पण कमळाबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि उठून दाराला कडी घालायला निघाल्या. जाऊ दे हात, त्यांनी ठरवलं. गुणाला जाऊ दे. चाळीस वर्षं तिने वाट बघितली आहे.

कडीला हात घातला आणि पलीकडून गुणाबाईंनी दार लोटलं.

गुणाबाई, दीर रामूची बायको, घरातली धाकटी जाऊ. सत्तावन्न वर्षांची, काळीसावळी, हाडाने रुंद, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्या आत आल्या आणि चौकटीला हात लावून थांबल्या.

"आंधार करून बसलीस काय गं बाय?"

"खिडकी उघडी हाय की. ऊन येतंय."

"हां? मंग मीच मांडवातल्या उजेडातून आले म्हणून असंल." गुणाबाई पलंगाची कड हाताने चाचपत बसल्या. "नेत्रा बोलली, तू येत न्हायस. मना तयार राहायला सांगितलंय."

"राहा की. तुझाच हात आता. धूर हाय बाहेर, मना न्हाय जमनार."

"काल पहाटे चुलीपाशी उभी राहून वाटणाचं खोबरं भाजलंस. तवा धूर न्हवता?"

बाहेर ठमाबाईने धवला म्हणजे लग्नाचं गाणं धरलं होतं. सत्तरीची धवलारीण, पण आवाज अजून अंगण ओलांडून खाडीपर्यंत जाईल असा. घरच्यांची एकेकाची नावं घेत ती गात होती आणि आता थोरलीच्या नावापाशी येऊन तेच कडवं पुन्हा पुन्हा म्हणत होती, कारण थोरली जागेवर नव्हती.

"मना नको तो हात," गुणाबाई म्हणाल्या.

"का नको? चाळीस वर्सं..."

"माझ्या हळदीला तू काय बोललीस, ठावं हाय काय?"

ठावं नसायला काय झालं. कमळाबाई वीस वर्षांच्या होत्या. गुणाच्या माहेरी हळदीला गेल्या होत्या, मांडवभर बायका, सगळ्यांचे डोळे नवरीपेक्षा यांच्यावरच. नवरीच्या गालाला हळद लावता लावता त्या हसत म्हणाल्या होत्या, "हळद संपंल, पन पोरीला रंग यायचा न्हाय." केवढा हशा पिकला होता. नंतर ते घरातलं बोलणंच होऊन बसलं. कुणाची हळद असली की कुणीतरी ते काढायचंच. रामूसुद्धा काढायचा.

"मीपन हसले तवा," गुणाबाई म्हणाल्या. "हळद लावलेलं त्वांड. हसायलाच लागतं. मी कवा तुला त्याचं काय बोलले?"

"न्हाय."

"बोलायचं होतं. रोज बोलायचं होतं. मनात म्हनायचे, हिचंपन रूप जाईल एक दिवस, तवा मी बगन. मंग तो दिवस आला. दाजीच्या पोराचं लगीन. तू गुलाबी साडी नेसून निघालीस, आनि कुंकू हे इकडं, भुवईवर. ओठांचा रंग हनुवटीला. तुला दिसतच न्हवतं, मना तवाच कळलं. मनात बोलले, जाऊ दे अशीच. बगू दे सगळ्यांना. उंबऱ्यापर्यंत जाऊ दिली मी तुला, बाय. खोटं न्हाय सांगत." गुणाबाई थांबल्या. "मंग न्हाय राहवलं."

थांब बाय, कायतरी लागलंय. कमळाबाईंना तो आवाज आठवला. उंबऱ्यात गाठून गुणाने पदराच्या टोकाने कपाळ पुसलं होतं, अंगठ्याने काहीतरी केलं होतं. आणि ते एकदाच नव्हे. पाच वर्षांत जितकी लग्नं, जितकी बारशी, जितक्या जत्रा, तितक्या वेळा निघताना गुणा आडवी यायची. थांब बाय, कायतरी लागलंय. कमळाबाईंना वाटायचं, हिला आपल्या तोंडाला हात लावायची हौस आहे. एकदा तर त्यांनी तो हात झिडकारून म्हटलं होतं, "नजर लावू नको." त्या दिवशी गुणा तशीच मागे सरकली होती आणि दारापाशी पुन्हा आली होती.

"मंग लोक हसत न्हवते?" कमळाबाईंनी विचारलं. वीस दिवस घशात अडकलेला प्रश्न होता तो.

"साडीला हसले एक-दोनदा. मी बोलले, तिला आवडते, तुमच्या पोटात का दुखतं. त्वांडाला कोन हसलं न्हाय. त्वांड मी नीट करून पाठवायचे."

"का केलंस गं?"

गुणाबाई हातातली बांगडी फिरवत राहिल्या. "आता काय सांगू. लगीन होऊन आले, दुसऱ्या दिवशी तू चुलीपाशी बसलेलीस, जाळाचा उजेड तुझ्यावर. मी बगतच राहिले. वाटलं, मानसाचं त्वांड यवढं चांगलं पन अस्तं. ते वाईट दिसावं असं मना कवाच न्हाय वाटलं. राग तुझ्यावर होता. त्वांडावर न्हवता."

कमळाबाईंनी चष्मा काढून पलंगावर ठेवला. रडायचं नाही असं डॉक्टरने बजावलं होतं, पण डोळ्यातलं पाणी डॉक्टरला विचारून येत नाही.

"म्हातारी झाले गं गुणा मी."

"झालीस," गुणाबाई म्हणाल्या. वीस दिवसांत हे त्यांना एकाही माणसाने सरळ सांगितलं नव्हतं.

"मना आता दुसरं कायच येत न्हाय. तुला रांधायला येतं, नेत्राला घर येतं. मी नुसती दिसायची. आता काय करू?"

"आता उठ. हळद लाव. त्याला काय दिसायला लागत न्हाय, हात लागतो. पूर्णेवाले आले बग, गाड्या वाजल्या." गुणाबाई उठल्या. "कुंकू लाव आनि चल."

करंडा कपाटाच्या फळीवर होता. कमळाबाईंनी तो उघडला. आता कुणाच्या मदतीची गरज नव्हती. उजव्या डोळ्याला कपाळावरचं छिद्र न् छिद्र दिसत होतं. तरी त्यांनी करंडा गुणाबाईंपुढे धरला.

"तू लाव."

गुणाबाईंनी बोट बुडवलं आणि तोंड जवळ आणलं. फारच जवळ आणलं. डाव्या हाताच्या अंगठ्याने कमळाबाईंच्या कपाळाचा मध्य चाचपून शोधला, आणि मग श्वास धरून कुंकू टेकवलं. "झालं. सरळ हाय ना?"

कमळाबाईंनी आरशात बघितलं. कुंकू डाव्या भुवईवर होतं, आणि खाली एक ओघळ. त्या वळल्या. एवढ्या जवळून, खिडकीच्या उजेडात, त्यांनी गुणाच्या डोळ्यांत पहिल्यांदाच बघितलं. दोन्ही बाहुल्यांच्या मधोमध पांढरट साय धरली होती. आंधार करून बसलीस काय, ते मघाचं बोलणं त्यांना आता कळलं. पलंगाची कड चाचपणंही कळलं. गुणाचं स्वतःचं ते रुपयाएवढं कुंकूसुद्धा एका बाजूला कलंडलं होतं. सकाळपासून ती तशीच सगळ्या मांडवातून फिरत होती, आणि कुणी तिला थांबवलं नव्हतं. गुणाच्या तोंडाकडे कोण बघणार?

"सरळ हाय," कमळाबाई म्हणाल्या.

"चष्मा?"

"र्‍हांदे."

त्यांनी गुणाबाईंचं मनगट धरलं आणि दोघी बाहेर आल्या. ओटीवरून मांडवात उतरताना तीन पायऱ्या होत्या. कमळाबाईंनी प्रत्येक पायरीला हात जरा खाली दाबला. मांडवातले लोक बघायला लागले. पूर्णेच्या बायका पहिल्या रांगेत बसल्या होत्या, त्यांनी नावच ऐकलं होतं, त्या मान उंच करून बघत होत्या. कमळाबाईंना एकेक चेहरा स्पष्ट दिसत होता. कोण चकित झालं, कुणाला वाईट वाटलं, कुणी शेजारणीच्या कानाला लागलं, सगळं दिसलं. डावा डोळा उघडा ठेवून उजवा मिटावा, असं एकदा मनात आलं. त्यांनी तो मिटला नाही.

विनिता धावत पुढे आली. "आई, थांब, तुझं कुंकू..." आणि तिने हात कपाळाकडे नेला.

"हात लावू नको. काकीनं लावलंय."

विनिताने आईकडे बघितलं, मग काकीकडे. गुणाबाई मांडवाच्या खांबाला एक हात लावून, पाट कुठे आहे त्याचा अंदाज घेत उभ्या होत्या. विनिताचा हात हळूहळू खाली आला.

"आनि भावेशला सांग," कमळाबाई तिला हलकेच म्हणाल्या, "कल्याणला पुढची पाळी काकीची. माझा डावा र्‍हाऊ दे मागनं."

मृणाली पाटावर बसली होती. पिवळी साडी, मोकळी मान, एकविसाव्या वर्षाचं तोंड. हनुवटीखाली एक बारीक तीळ होता, तो कमळाबाईंनी आजवर पाहिलाच नव्हता. ठमाबाईने अडकून पडलेलं कडवं सोडून पुढचं उचललं. कमळाबाईंनी हळदीत हात बुडवला आणि नातीच्या दोन्ही गालांना लावला. हसायच्या गोष्टीची वाट बघत एक-दोघी पुढे झुकल्या होत्या, कारण या घरात हळद म्हटली की ते बोलणं निघायचंच. कमळाबाई त्यातलं काही बोलल्या नाहीत. मृणाली मान वर करून त्यांच्या कपाळाकडे बघत होती. तिला काही विचारायचं होतं, पण नेत्राने मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती गप्प बसली.

"आता धाकटीचा हात," नेत्रा म्हणाली.

गुणाबाई पुढे सरकल्या. पूर्णेच्या बायकांचे डोळे त्यांच्याकडे वळले. त्या पाटापर्यंत पोचायच्या आत कमळाबाई आडव्या आल्या.

"थांब गुणा. कायतरी लागलंय."

पदराचं कोरडं टोक बोटाला गुंडाळून त्यांनी गुणाबाईंच्या कपाळावरचं कलंडलेलं कुंकू कडेने पुसलं, आणि उजव्या डोळ्याने नीट बघत ते मधोमध गोल केलं. घाई केली नाही. सगळा मांडव बघत होता. गुणाबाई तोंड तसंच पुढे धरून, डोळे मिटून उभ्या राहिल्या.